बाटली नंबर ५३-एन : परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्यांना याच संस्थेतून का जावं लागलं होतं?

बुलढाणा जिल्ह्यात शेगावला नेमाने जाणाऱ्या माणसाला मुंडगावच्या पुंडलिकाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वारीच्या वाटेवर असताना त्याच्या काखेत प्लेगची गाठ आली, अंगात ताप भरला, तरी तो रडतखडत गजानन महाराजांपर्यंत पोहोचला आणि बरा झाला, असं 'श्री गजानन विजय' ग्रंथात आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण या गोष्टीतून एक जुनी आठवण मात्र कळते. प्लेग मुंबई-पुण्यापुरता थांबला नव्हता. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी वऱ्हाडातूनच जाते आणि त्या काळात माणसांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही प्रवास करायचा. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव सोडायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे. दुसरा इलाजच नव्हता.

इलाज शोधायचं काम ज्या माणसाकडे आलं होतं, तो डॉक्टर नव्हता. इंग्रज नव्हता, भारतीयही नव्हता. तो प्राणिशास्त्र शिकलेला, रशियन साम्राज्यातून बाहेर पडलेला एक ज्यू होता. नाव वाल्देमार हाफकिन.

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव कोरोनाच्या काळात लसीच्या निमित्ताने पुन्हा बातम्यांमध्ये आलं. नाव सगळ्यांनी ऐकलं, पण त्या नावाच्या माणसाचं काय झालं, हे फार कमी जणांना माहीत आहे.

नोकरी हवी तर धर्म बदला

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्याच विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. शिक्षक होते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे जगाला दाखवणारे शास्त्रज्ञ ते हेच.

हाफकिन अभ्यासात हुशार होते, पण सरकारच्या डोळ्यांवर आलेले होते. झारशाहीच्या विरोधातल्या क्रांतिकारी गटाशी त्यांचा संबंध होता आणि त्यांना अटकही झाली होती. १८८१ मध्ये ओदेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीचा बचाव करणाऱ्यांमध्ये ते होते आणि त्यात जखमी झाले. पुढे विद्यापीठात प्राध्यापक व्हायची वेळ आली, तेव्हा अट पुढे आली की ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावं लागेल. त्यांनी नकार दिला. प्राध्यापकी गेली आणि काही वर्षं प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयातल्या नोकरीत काढावी लागली.

१८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. जिनिव्हा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याचं काम मिळालं. पुढच्या वर्षी ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. गुरू मेचनिकॉव्ह तिथे आधीच गेले होते. पण शिष्यासाठी प्रयोगशाळेत जागा नव्हती. जागा होती ती ग्रंथालयात, सहायक म्हणून. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे.

त्या उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचून घेतली स्वतःलाच. ताप आला, उतरला. मग त्यांनी आपल्या मित्रांना टोचली.

कलकत्त्याच्या बस्तीतला हिशेब

लस आहे, पण ती कॉलऱ्यात खरोखर वाचवते का, हे पॅरिसमध्ये बसून कळणार नव्हतं. त्यासाठी कॉलरा असलेल्या देशात जायला हवं होतं. पॅरिसमधले तेव्हाचे ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या मदतीने दार उघडलं आणि १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले.

इथे कोणी त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या नव्हत्या. सरकारी डॉक्टरांच्या नजरेत हा वैद्यकीय पदवी नसलेला माणूस होता. रशियातून आलेला म्हणून हेर असल्याचा संशय होताच. आणि सामान्य लोकांना सुई घेऊन फिरणारा कुठलाही साहेब नकोच होता. हाफकिन यांनी भारतीय डॉक्टरांना सोबत घेतलं, लोकांसमोर स्वतःला टोचून दाखवलं आणि लस घ्यायची की नाही हे लोकांवर सोडलं. सक्ती केली नाही. त्या काळातल्या सरकारी पद्धतीत ही गोष्ट उठून दिसणारी होती.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान नावाच्या बस्तीत साधारण २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर त्या वस्तीत कॉलरा पुन्हा आला, तो लस न घेतलेल्यांनाच. एकाच वस्तीतली, एकच पाणी पिणारी, शेजारी शेजारी राहणारी माणसं. फरक फक्त सुईचा. हाफकिन यांची पुढची सगळी कारकीर्द याच पद्धतीवर उभी राहिली. टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी किती, गेले किती. नावासकट, तारखेसकट.

आज हे वाचताना त्यात काय विशेष, असं वाटू शकतं. पण लसीने शरीराच्या आत नेमकं काय बदलतं, हे बघायला तेव्हा कोणतंही साधन नव्हतं. आजच्या प्रयोगशाळेत लस देण्याआधीचं आणि नंतरचं रक्त घेतात. त्यातल्या बी पेशींमधली, प्रतिपिंडं म्हणजेच अँटिबॉडी बनवणारी जनुकं यंत्रावर अक्षर अक्षर वाचली जातात. या पेशी जनुकांचे ठरावीक तुकडे पत्ते पिसावेत तसे उलटसुलट जोडून लाखो प्रकारची प्रतिपिंडं बनवतात. हे सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. लसीनंतर यातले कोणते प्रकार एकदम वाढले, हे शोधायचं तर लाखो ओळींची तुलना करावी लागते आणि ते काम संगणक करतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आता बायोइन्फॉर्मॅटिक्स शिकावं लागतं, ते अशाच कामांसाठी.

हाफकिन यांच्याकडे यातलं काही नव्हतं. त्यांनी प्रतिकारशक्ती मोजली ती माणसं मोजून.

मुंबई, एक खोली आणि तूप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. शहरातून लाखो लोक पळून जात होते आणि त्यांना वाचवण्याची प्रयोगशाळा एवढीशी.

प्लेगचे जंतू भरपूर प्रमाणात वाढवणं ही पहिली अडचण होती. त्यावर त्यांनी काढलेला उपाय वाचून आजही गंमत वाटते. जंतू वाढवायच्या पातळ रश्शावर त्यांनी तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबतात तसे. भांडं हलवलं की सुळे तुटून तळाशी जायचे आणि वर नवे लोंबायला लागायचे. असं काही आठवडे चालायचं. मग सुमारे ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि लस टिकावी म्हणून त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. हे कार्बोलिक ॲसिड लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, टोचलेली जागा सुजली. पण जगले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे कैद्यांना विचारून लस दिली. (तुरुंगातल्या माणसाची तयारी कितपत मोकळेपणाची असते, हा प्रश्न आज नक्की विचारला गेला असता.) नंतरच्या दिवसांचा हिशेब असा : लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना झाला आणि कुणीही दगावलं नाही.

याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं, ते शाळेच्या पुस्तकात असतंच. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, जो २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा वापरला गेला. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात गोऱ्या सोल्जरांनी घराघरात शिरून झडत्या घेतल्या आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एकीकडे बंदुका घेऊन प्लेग शोधणारं सरकार होतं आणि दुसरीकडे त्याच सरकारच्या पगारावर असलेला एक परदेशी माणूस लोकांना टोचून घ्यायची विनंती करत होता. लोकांनी दोघांमध्ये फार फरक केला नाही, यात नवल नाही.

हाफकिन यांना मोठा आधार मिळाला तो आगाखान तिसरे यांचा. तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. खोजा समाजातल्या हजारो लोकांनी त्यांच्यामागे लस घेतली.

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात सगळ्यात काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि दोन्हीकडे वय, तब्येत, बाया-पुरुष सारखे येतील असं बघायचं. ज्या २८ घरांमध्ये नंतर प्लेग आला, त्या घरांमधल्या ६४ न टोचलेल्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले. शेकडा चाळीस आणि शेकडा चार. एकाच छपराखाली. आकडा लखलखीत आहे, पण ते सव्वीस जण कोण होते आणि घरातल्या कुणाला सुई टोचायची हे ठरलं कसं, हा विचार आकडा वाचून झाल्यावरही डोक्यातून जात नाही.

लस परिपूर्ण नव्हती. ती टोचल्यावर अंग दुखायचं, ताप यायचा आणि काहींना लस घेऊनही प्लेग व्हायचा. पण मरणाचं प्रमाण तिने खूप खाली आणलं, एवढं या हिशेबांतून ठरलं.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एक खोली, एक व्हरांडा ते गव्हर्नरचा जुना वाडा, तीन वर्षांच्या आत. तिथून लाखो मात्रा देशभर जायला लागल्या.

मुल्कोवाल

मागणी वाढत गेली. पंजाब सरकारने तर प्रचंड मोठी मोहीम आखली. एवढी लस जुन्या पद्धतीने पुरणार नव्हती. हाफकिन यांनी तयार करायची पद्धत बदलून वेगवान केली आणि त्यात कार्बोलिक ॲसिड वगळलं. जंतू उष्णतेने मेलेच आहेत आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही उष्णतेवर भरवसा ठेवतात, असं त्यामागचं कारण होतं.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल हे गाव, आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ लोकांना लस दिली गेली. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आखडायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस जण मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा नंबर ५३-एन. त्या दिवशी उघडलेल्या बाकी बाटल्यांमधून टोचलेल्यांना काहीच झालं नव्हतं.

धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कुठे? परळमध्ये, की मुल्कोवालमध्ये? सगळं प्रकरण या एका प्रश्नावर होतं. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाचा कल असा पडला की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळमध्येच घाण शिरली असावी. कार्बोलिक ॲसिड वगळलेलं होतंच, त्यामुळे संशयाला जागा मिळाली. हाफकिन यांच्या हातून प्रयोगशाळेची सूत्रं गेली. अहवाल लगेच जाहीरही झाला नाही, त्यामुळे आपल्यावर नेमका काय ठपका आहे, हे आरोपीला नीट वाचायलाही मिळत नव्हतं. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

योगायोग बघा. मुल्कोवालनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर १९०२ मध्ये, भारतातच केलेल्या मलेरियाच्या संशोधनासाठी रोनाल्ड रॉस यांना नोबेल मिळालं. पुढे हाफकिन यांची बाजू घेऊन भांडायला उभे राहिले ते हेच रॉस.

कागदपत्रं तपासल्यावर त्यातून एक चिमटा निघाला. बाटली ५३-एन उघडताना मुल्कोवालमध्ये मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही माहीत होतं. शिवाय ही लस कित्येक आठवडे आधी भरलेली होती. इतका काळ धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढत असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरने नियमाप्रमाणे वास घेतला होता आणि त्याला तसा वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही सगळा पुरावा पाहिला आणि घाण मुल्कोवालमध्येच शिरली असण्याचा निष्कर्ष काढला.

बाटलीला नंबर नसता, कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून टोचलं याची नोंद नसती, तर यातलं काहीही सिद्ध करता आलं नसतं. एकोणीस मृत्यू आणि एक बदनाम लस एवढंच उरलं असतं.

२९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्याला धरून नाही, असं त्यात सगळ्यांसमोर मांडलेलं होतं. फ्रान्समध्ये खोट्या आरोपात अडकवलेला ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस आदल्याच वर्षी निर्दोष सुटला होता. त्यामुळे काहींनी याला छोटं ड्रेफस प्रकरण म्हटलं. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं गेली होती.

परत आले, पण

ते भारतात परतले. पण परळला नाही. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा दिली गेली आणि तिथे लोकांवर लसीचे प्रयोग करायला परवानगी नव्हती. ज्या माणसाची सगळी ताकद वस्तीत जाऊन मोजणी करण्यात होती, त्याला टेबलावरच्या संशोधनापुरतं ठेवलं. पूर्ण दोषमुक्ती म्हणायची ती ही. दरम्यान १९०८ मध्ये गुरू मेचनिकॉव्ह यांना प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं. एकाचं म्हणणं पेशी लढतात, दुसऱ्याचं म्हणणं रक्तातली द्रव्यं लढतात. दोघंही बरोबर होते, हे सगळं समजायला पुढे काही दशकं जावी लागली.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास हाफकिन सेवेतून बाहेर पडले आणि युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. उरलेल्या आयुष्यात ते आपल्या धर्माकडे अधिकाधिक वळले. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली होती, त्याच धर्माच्या पाठशाळांसाठी त्यांनी आपली मालमत्ता ठेवली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असं नाव देण्यात आलं. १८९७ पासून तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हाफकिन यांचं निधन झालं. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांचं तिकीट काढलं.